दाखल क्रमांक ३१७

तोंडवळीच्या वाचनालयात रेंज फक्त एका खिडकीत येते,
वर्तमानपत्रांच्या टेबलाशी, खाडीच्या अंगाला.
म्हणून गीतेश तारी रोज चारच्या ठोक्याला हजर,
सभासद नसताना.
भिंतीवर ‘शांतता पाळा’ लिहिलंय,
तेव्हा आवाज बंद करून बघतो
जपानी कार्टून, व्हॉलीबॉलचं.
(“ॲनिमे म्हणूचा, बाई. कार्टून नाय.”)

मार्चअखेर. मी नोंदवही आणि कपाटं जुळवत असते.
चष्म्यावरून त्याच्या खांद्यापलीकडचं दिसतं:
टोकदार केसांचा एक मुलगा उडी मारतो
आणि उडालेलाच राहतो.
गुरुवारी वर गेलेला चेंडू
शनिवारीसुद्धा वरच.
मध्ये त्या मुलाची जुनी शाळा येऊन गेली,
एक सायकल, एक रिकामा जिना,
कुणाची तरी हार.
मी म्हटलं, “अरे, पडतलो कधी तो?”
“पडूचो नाय म्हणानच तर खेळतत, बाई.”

दाखल क्रमांक ३१७.
कव्हर नाही, लेखक नाही, किंमत दीड रुपया.
कुणीतरी देणगीत दिलेलं, ताओविषयी काहीबाही.
वाळवीनं आतल्या आत खाडी कोरलीय:
बाराव्या पानावर ‘पाणी’ एवढं शिल्लक,
पुढे थेट चाळिसाव्यापर्यंत भोक
आणि भोकाच्या तळाशी ‘न करता’.
काय न करता, ते वाळवीला ठाऊक.
तीन वर्षं रद्दीसाठी बाजूला काढतेय
आणि तीन वर्षं परत लावतेय.

चेंडू धरला की गुण गेला,
हे मला गीतेशनं शिकवलं.
कबड्डीत धरलं की टाळ्या, क्रिकेटात झेललं की टाळ्या,
आमच्याकडे तर जमिनीचा तुकडा धरून
माणसं तीन पिढ्या कोर्टात बसतात.
इथे बोटांना लागेपर्यंतच आपला.
मग पुढच्याचा.

आणि तो सगळ्यात बुटका,
वेगळ्या रंगाच्या शर्टातला.
त्यानं जाळीवरून फटका मारायचा नाही, नियमच तसा.
तो फक्त खाली जातो,
कुणालाच जायचं नसतं तिथे,
जमिनीपासून चार बोटांवर, हात सपाट,
भरतीचं पाणी मळ्यात शिरतं तसा,
बांध न बघता, उतार बघत.
मी बारावं पान उजेडात उभं धरलं.
भोकातून गीतेशचा मोबाइल दिसला.

रविवारी किनाऱ्यावर हडीच्या पोरांशी सामना.
सुरूच्या दोन झाडांना रापणीचं फाटकं जाळं, तीच नेट.
गीतेशनं आधी सगळं पडद्यावरच्यासारखं केलं:
डोळे विस्फारले, ओरडला, धावत आला,
उडाला
आणि लगेच पडला, तोंडावर, वाळूत.
असे आठ गुण गेले.
बाबल तारी, त्याचे आजे, पलीकडे पाग वाळत घालत होते.
मला वाटलं, म्हातारा आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल.
“माझ्या पागार पाय देव नकात रे,” एवढंच बोलले.

मग ऊन उतरलं, थेट त्याच्या डोळ्यांत.
चेंडू त्याला दिसलाच नसावा.
हात आपसूक वर गेले, जाताना फुलले,
आणि चेंडू त्यांच्यातून असा निघून गेला
की जणू वाटेत कुणी नव्हतंच.
पलीकडच्या सहाजणांपैकी एकही हलला नाही.
संगीत वाजलं नाही. त्याचं बालपण मध्ये आलं नाही.
एक कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला.

हरले. एकवीस-चौदा.

सोमवारी चार वाजता खिडकीत.
“बाई, काल एकदा झाला.”
“काय झाला?”
“म्हायत नाय. मी थंय नव्हतंय.”
आणि पुढचा भाग लावला, आवाज बंद.

नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा असतो.
रद्द, हरवले, बांधणीस दिले, यांपैकी एक.
मी पेन झटकलं आणि ३१७ पुढे लिहिलं:
पाने १३ ते ३९ भोक. वाचनीय.